मेटल डिटेक्टर पाण्यात उतरवताना : गोदाकाठच्या शोधकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठण, गंगाखेड, नांदेड या पट्ट्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. या गंगेच्या घाटावर दरवर्षी अंगठ्या, मंगळसूत्रं, किल्ल्या हरवतात. त्या शोधायला जमिनीवरचा डिटेक्टर पाण्यात न्यायचा असेल तर काय बदलायचं आणि काय अजिबात बदलायचं नाही, हे या पानावर आहे. सगळी माहिती गोड्या पाण्यापुरती आहे. खाऱ्या पाण्याचे प्रश्न वेगळे असतात आणि आपल्याकडे ते येत नाहीत.

जमिनीवरचा डिटेक्टर पाण्यात चालवायला नेमकं काय बदलावं लागतं?

आधी किती खोल जायचं ते ठरवा, कारण सगळं काम त्यावर ठरतं. गुडघाभर पाण्यात बहुतेक मशीनना काहीच करावं लागत नाही. कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधणारी चकती) आणि केबलचा खालचा भाग पाण्यात, सर्किट-बॅटरीचा डबा वर. कंबरभर पाण्यात डबा दांड्यावरून काढून छातीवर बांधावा लागतो. छातीच्या वर पाणी असेल किंवा बुडी मारायची असेल, तरच डबा पाण्याखाली टिकेल असा करावा लागतो आणि तिथे काम चौपट वाढतं.

आमचा ठाम सल्ला आहे की घाटावरच्या कामाला कंबरभर पाण्याची तयारी करा आणि तिथेच थांबा. वस्तू हरवतात त्या माणसं अंघोळ करतात तिथे, म्हणजे पायऱ्यांच्या जवळ. डबा पाण्याबाहेर ठेवता येत असताना तो बंदिस्त करण्यात महिना घालवू नका.

कॉइल वॉटरप्रूफ आहे असं खोक्यावर लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

वजन करून बघा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. कोरड्या कॉइलचं वजन लिहून ठेवा. ती बादलीत रात्रभर बुडवा, केबलचं टोक आणि कनेक्टर मात्र बादलीच्या काठाबाहेर राहू द्या. सकाळी पुसून, तासभर सावलीत ठेवून पुन्हा वजन करा. दोन ग्रॅमपेक्षा जास्त वाढ दिसली तर कॉइल पाणी पिते आहे. गळती बहुतेक वेळा केबल कॉइलमध्ये शिरते तिथे असते. कवचाचा जोड उकलण्याचं प्रमाण कमी असतं.

कॉइलखालचं प्लास्टिकचं झाकण तपासणीआधी काढून ठेवा. त्यात अडकलेलं पाणी आणि वाळू वजन चुकवतात. वापरतानाही त्या झाकणात काळी वाळू साठली की मशीन विनाकारण ओरडतं.

डबा छातीवर बांधायचा तर केबल पुरत नाही. मधे जोड देऊन वाढवू का?

आधी दांड्यावरचे वेढे सोडून बघा. गुंडाळलेल्या केबलमधून वीस-तीस सेंटिमीटर सहज सुटतात आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. दांडा एक-दोन खाचा आखूड केला तर आणखी थोडी मिळते.

कॉइलची केबल मधे तोडू नका. व्हीएलएफ मशीनमध्ये, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर सतत सिग्नल सोडणाऱ्या नेहमीच्या डिटेक्टरमध्ये, पाठवणारी आणि घेणारी अशा दोन कॉइल एकमेकींशी तोलून बसवलेल्या असतात. केबलची लांबी वाढली की तिची कपॅसिटन्सही वाढते, सिग्नलची फेज सरकते आणि सोन्याला लोखंड किंवा लोखंडाला सोनं दाखवण्याची चूक सुरू होते. वाढवायचीच असेल तर तशाच जाळीच्या केबलचा, दोन्ही टोकांना मूळ पद्धतीचे कनेक्टर लावलेला वेगळा तुकडा करा. तो अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि जोड छातीच्या वरच राहिला पाहिजे. मग ओळखीची अंगठी, खिळा आणि नाणं जमिनीवर ठेवून आकडे पूर्वीसारखे येतात का ते पाहा. फार सरकले असतील तर तुकडा काढून टाका.

डबा खरोखर पाण्याखाली न्यायचा आहे. कशाचा करावा?

आपल्याकडे गावोगाव मिळणारा शेतीचा पीव्हीसी पाइप यासाठी उत्तम. 110 मिमी, म्हणजे बोलण्यातला चार इंची, 6 किलो प्रेशरचा पाइप घ्या. 25 सेमीचा तुकडा, एका टोकाला सोल्युशनने कायम चिकटवलेली एंड कॅप आणि दुसऱ्या टोकाला आट्यांची टोपी. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप घेऊ नका. त्याची रबर रिंग वाहत्या पाण्यासाठी केलेली असते, दाबासाठी नाही.

दाबाचा हिशेब करून ठेवा. दर मीटर खोलीला साधारण 0.1 किलो प्रति चौरस सेमी दाब वाढतो. 110 मिमी टोपीचं क्षेत्रफळ 95 चौरस सेमी. म्हणजे तीन मीटरवर टोपीवर सुमारे 28 किलोचा भार येतो. पाइपला हे काहीच नाही. पण हाच भार चपट्या प्लास्टिक डब्याच्या झाकणावर आला तर झाकण मधोमध आत वाकतं, कडेची रबर पट्टी उचलली जाते आणि पाणी शिरतं. जेवणाच्या डब्यावर किंवा बाजारातल्या चौकोनी बॉक्सवर भरवसा ठेवू नका तो यासाठी.

आट्यांवरच्या टेफ्लॉन टेपने पाणी अडेल असं धरून चालू नका, कारण टोपी दर वेळी उघडायची आहे. टोपीच्या आत सपाट जागेवर ओ-रिंग बसवा. 3 मिमी जाडीच्या रिंगला साधारण 2.4 मिमी खोल खाच हवी, म्हणजे ती पाचव्या हिश्शाने दबते. कमी दबली तर गळते, फार दबली तर चपटी होऊन पुढच्या वेळी गळते. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा नुसता चकाकण्यापुरता हात फिरवा. व्हॅसलीन नको, नैसर्गिक रबर त्याने फुगतं. बंद करण्याआधी रिंगवर बोट फिरवून पाहा. एक केस किंवा वाळूचा एक कण आडवा राहिला तरी तेवढ्यातून डबा भरतो.

केबल डब्यात शिरते तिथली ग्लँड घट्ट आहे, टोपी कोरडी आहे, तरी डब्यात पाणी येतं. कुठून?

केबलच्या आतून. तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटी वातीसारख्या काम करतात. केबलचं साल खाली कुठेतरी कापलं गेलं असेल, तर पाणी तारांमधून वर चढतं आणि ग्लँडला बगल देऊन थेट सर्किटवर टपकतं. घरी केलेल्या बहुतेक मशीनचा घात इथेच होतो आणि लोक मात्र टोपी बदलत बसतात.

उपाय असा. डब्याच्या आत, ग्लँडपासून दोन सेमीवर केबलचं साल काढा. प्रत्येक तार सेंटिमीटरभर उघडी करून कथिल पूर्ण मुरेपर्यंत डाग द्या, तारेचा घट्ट दांडा झाला पाहिजे. जाळीचंही तसंच करा. मग हा उघडा भाग एका लहान नळीत धरून इपॉक्सीने भरून टाका. आता पाणी सालाखालून आलं तरी या बुचाशी थांबतं. असंच बूच कॉइलच्या टोकालाही हवं.

ग्लँड केबलच्या जाडीप्रमाणे निवडा. पीजी-7 मध्ये 3 ते 6.5 मिमी आणि पीजी-9 मध्ये 4 ते 8 मिमीची गोल केबल बसते. चपटी केबल या ग्लँडमध्ये नीट बसत नाही. सिलिकॉन लावायचं झालं तर न्यूट्रल क्युअर मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तांबं खातं, सर्किटजवळ नको.

एक सोपी वाट सांगतो. तालुक्याच्या गावी सबमर्सिबल मोटारी दुरुस्त करणारा वाइंडिंगवाला असतोच. केबलचा जोड पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकवणं हे त्याचं रोजचं काम. त्याच्याकडून रबर टेप कशी ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळायची ते समोर बसून शिका.

बटणं, नॉब आणि आवाजाचं काय करायचं?

डब्याला जेवढी भोकं कमी, तेवढं चांगलं. आम्ही तर म्हणू की नॉब नकोतच. काठावर सेटिंग करा, मशीन चालू करा आणि टोपी लावा. चालू-बंद बाहेरून हवंच असेल तर आत रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) आणि बाहेर दोरीला बांधलेलं लहान चुंबक. रीड स्विचला मशीनचा सगळा करंट झेपत नाही, त्याच्या जोडीला मॉस्फेट (जास्त करंट झेपणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. चुंबक कॉइलपासून लांब, मनगटाकडे ठेवा.

आवाजासाठी 27 मिमीची पिझो चकती (वीज दिली की थरथरून आवाज करणारी) टोपीच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवा. टोपीच मग पडदा होते आणि पाण्याखाली आवाज स्पष्ट येतो. स्पीकरसाठी भोक पाडू नका. कंबरभर पाण्यात काम करत असाल तर साधा हेडफोन पुरतो. घाटावर गर्दीचा गलका असतो, हेडफोनशिवाय बारीक सिग्नल ऐकूच येत नाही.

बॅटरी कोणती?

आठ एए निकेल-मेटल-हायड्राइड सेल मिळून 9.6 व्होल्ट देतात. 2000 मिलिअँपिअर-तासाचे सेल आणि 200 मिलिअँपिअर खाणारं मशीन असेल तर आठ-दहा तास चालतं. लिथियमचे 18650 सेल वापरायचे असतील तर संरक्षक सर्किटसकट वापरा. बंद डब्यात कोणतीही बॅटरी चार्ज करू नका. चार्ज होताना सेलमधून गॅस सुटू शकतो, त्याला जायला जागा नसते आणि नळी फुटू शकते.

मशीन घालण्याआधी डबा कसा तपासायचा?

सर्किट बाहेर ठेवा. रिकाम्या डब्यात कोरडा टिश्यू पेपर आणि दोन किलोचा दगड घाला, टोपी लावा, दोरी बांधा आणि विहिरीत सोडा. वापरायच्या खोलीच्या दुप्पट खोल सोडायचा. मीटरभर पाण्यात काम करायचं असेल तर दोन मीटर, म्हणजे परसाहून थोडं जास्त. दोन तास राहू द्या. वर काढल्यावर बाहेरून पूर्ण पुसा, मगच उघडा, नाहीतर आट्यांतलं पाणी आत पडतं आणि चांगल्या डब्यावर उगाच संशय येतो. टिश्यूचा कोणता कोपरा ओला आहे त्यावरून गळती कुठली ते कळतं.

सायकलच्या पंपाने आत हवा भरून तपासू नका. पीव्हीसी फुटलं तर तुकडे उडतात. शिवाय आतून दाब दिल्यावर टोपी बाहेर ढकलली जाते, पाण्यात ती आत दाबली जाते. तपासणी उलट दिशेची होते.

आणि थोड्या पाण्यात बरा दिसला म्हणून खोलात बरा राहील किंवा उलट, असा अंदाज बांधू नका. काही टोप्या खोल पाण्यात दाबाने घट्ट बसतात आणि फूटभर पाण्यातच गळतात. दोन्हीकडे तपासा.

विहिरीत कोरडा राहिला, पण एप्रिलमध्ये गंगेवर नेला तर पाणी शिरलं. असं का?

उन्हामुळे. डबा काठावर तापून आतली हवा 45 अंशांवर गेली आणि तो 25 अंशांच्या पाण्यात टाकला, तर आतला दाब जवळजवळ 6 टक्क्यांनी उतरतो. हे सुमारे 60 सेमी पाण्याच्या दाबाइतकं होतं. म्हणजे तुम्ही घोटाभर पाण्यात असलात तरी डबा पाणी ओढायला लागतो, आणि अजून टोपी नीट दबलेलीही नसते.

डबा सावलीत, ओल्या फडक्यात ठेवा आणि टोपी पाण्यात उतरण्याच्या आधी पाच मिनिटं उघडून पुन्हा लावा. आत 10 ग्रॅम सिलिका जेलची पुडी हवी. पावसाळ्यात दमट हवेत डबा बंद केला तर थंड पाण्यात आतूनच दव धरतं आणि लोक त्याला गळती समजतात.

डबा तरंगतो आणि कॉइल खाली ठेवताना हात भरून येतो.

25 सेमीची ती नळी पाण्यात 2.4 लिटर जागा घेते, म्हणजे पाणी तिला 2.4 किलोने वर ढकलतं. नळी आणि आतलं सामान मिळून 1.2 किलो भरलं तर उरलेलं 1.2 किलो वजन तुम्हालाच द्यायचं आहे. शिशाची पट्टी डब्याला मुठीकडच्या बाजूने बांधा, कॉइलपासून निदान 50 सेमी दूर. दांडा पोकळ असेल तर त्याला वर-खाली भोकं पाडा, पाणी आत गेलं की तो तरंगायचा थांबतो. दांड्यात वाळू भरायची कल्पना पुष्कळांना सुचते, पण आपल्या नदीची वाळू भरू नका. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

व्हीएलएफ घ्यावं की पल्स इंडक्शन? आपल्या भागात कोणतं चालतं?

मराठवाडा उभा आहे तो दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर. त्यात मॅग्नेटाइट असतं. खडक झिजला की ते वाळूत उतरतं. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक गंगेच्या कोरड्या वाळूतून एकदा ओढून बघा, मिशांसारखा काळा भुगा उभा राहतो. डिटेक्टरला हा भुगा दर इंचाला दिसतो. व्हीएलएफ मशीनची निम्मी ताकद त्याला ओळखून गप्प बसवण्यात जाते.

तरीही घाटावर व्हीएलएफच बरं. तिथे खिळे, बाटलीची टोपणं, औषधाच्या गोळ्यांची पन्नी यांचा खच असतो. पल्स मशीन, म्हणजे विजेचे झटके सोडून त्यांचा उतार ऐकणारं मशीन, हे सगळं एकाच आवाजात सांगतं आणि तुम्ही दिवसभर खिळे उपसता. व्हीएलएफमध्ये निदान लोखंड वेगळं काढता येतं. डीडी कॉइल (दोन डी आकाराचे वेढे एकमेकांवर चढवलेली) वापरा, सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणा आणि ग्राउंड बॅलन्स (तळाचा आवाज गप्प करायची जुळणी) त्याच पाण्यात, त्याच तळावर, कॉइल वर-खाली करत धरा. काठावर धरलेला बॅलन्स पाण्यात उपयोगाचा नाही.

लोकांची वर्दळ नाही, कचरा कमी, पण तळ काळ्या वाळूचा, अशा जागी पल्स मशीन सरस ठरतं. लाल मुरमाच्या तळावर मात्र तेही कुरकुरतं.

पल्स मशीनची कॉइल घरी गुंडाळता येते का?

येते, आणि नीट जमते. नेहमीच्या पल्स सर्किटला 300 मायक्रोहेन्रीच्या आसपास कॉइल लागते. 20 सेमी व्यासावर 26 फेरे घातले की तेवढी होते. 25 गेजची, म्हणजे अर्धा मिमीची इनॅमल तार सुमारे साडेसोळा मीटर लागते. वजनाने ती 30 ग्रॅमच भरते, वाइंडिंगवाल्याकडे तेवढी सुटी मिळते. मल्टिमीटरवर पूर्ण कॉइलचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या जवळ आला पाहिजे. फार कमी आला तर फेरे एकमेकांत शॉर्ट झाले आहेत किंवा मोजण्यात चूक आहे. बारीक सोन्यासाठी इनॅमलऐवजी प्लास्टिक सालाची तार बरी, कारण फेऱ्यांमध्ये अंतर राहतं आणि कॉइल लवकर शांत होते.

फेरे दोऱ्याने दर दोन सेमीवर करकचून बांधा. एकही फेरा हलता राहिला तर दगडाला कॉइल टेकली की खोटा सिग्नल येतो.

डॅम्पिंग रेझिस्टर (पल्सनंतर कॉइलला शांत करणारा) 680 ओहमपासून सुरू करा, दोन वॉटचा. 470 ते 1000 या टप्प्यात तो जुळतो. किंमत फार मोठी ठेवली तर कॉइल पल्सनंतर घंटेसारखी घुमत राहते. फार लहान ठेवली तर उतार रेंगाळतो आणि लहान वस्तू त्यात बुडून जातात. 10 ते 12 मायक्रोसेकंदांच्या डिलेवर (पल्स थांबल्यापासून ऐकायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ) सर्किट शांत राहील ती किंमत बरोबर. केबल दीड मीटरच्या आत ठेवा.

इपॉक्सी ओतताना मराठवाड्याचा उन्हाळा ध्यानात घ्या. गरमीत तो फार लवकर घट्ट होतो आणि एकदम जास्त कालवला तर भांड्यातच धूर सोडतो. पहाटे काम करा, एका वेळी 100 ग्रॅमच कालवा, थरावर थर द्या. दोन भागांचं प्रमाण काट्यावर मोजा. अंदाजाने ओतलेला इपॉक्सी महिनाभर चिकट राहतो आणि तो चिकटपणा पाणी पितो.

कॉइल पाण्याला टेकली की मशीन ओरडतं. पाण्यात गेल्यावर गप्प. बिघाड आहे का?

कॉइलला विजेचं कवच (शिल्ड) नाही किंवा ते तुटलं आहे. पाणी जवळ आलं की कॉइलची कपॅसिटन्स बदलते. गुंडाळलेल्या कॉइलवर ग्रॅफाइटचा रंग किंवा पातळ पन्नी चढवून ती केबलच्या जाळीला जोडावी लागते. पन्नीचं कडं पूर्ण जुळवू नका, एक सेमी फट सोडा. पूर्ण जुळलं तर ते कडं स्वतःच एक मोठी अंगठी होतं आणि मशीन तिच्याकडेच बघत बसतं.

पहिली पाच-दहा मिनिटं सूर सरकत राहिला तर घाबरू नका. तापलेली कॉइल थंड होते आहे. ती बुडवून ठेवा, मग बॅलन्स धरा.

अंगठी सापडते, पण मंगळसूत्र सापडत नाही. का?

डिटेक्टरला बंद कडं आवडतं. अंगठी हे एक सलग कडं आहे, त्यात करंट फिरतो आणि 15-20 सेमी खोलीवरूनही ठसठशीत आवाज येतो. साखळीची प्रत्येक कडी वेगळी, इवलीशी असते. मशीनला ती एक वस्तू म्हणून दिसत नाही, शंभर कण दिसतात. काळे मणी तर काचेचे. मंगळसूत्रात खरोखर बोलतात त्या दोन वाट्या, आणि थोडा अडकवायचा आकडा. म्हणून मंगळसूत्रासाठी जाताना वाट्यांच्या आकाराची वस्तू घेऊन आधी हवेत आवाज ऐका. कॉइल हळू फिरवा, तळापासून दोन सेमीच्या वर जाऊ देऊ नका आणि पन्नीचा म्हणून जो हलका सूर तुम्ही सोडून देता तोही उकरा. सोन्याचा आणि पन्नीचा आकडा सारखाच येतो. लोखंड वगळता काहीही गाळायचं नाही, ही तयारी असेल तरच मंगळसूत्र शोधायला उतरा.

घाटावर नाण्यांचाच गोंधळ होतो. काय करावं?

एक आणि दोन रुपयांची फेरिटिक स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. आधी दोरीला बांधलेलं जड चुंबक सगळ्या जागेवरून ओढा. नाणी, खिळे, गणपतीच्या मखराची तार, सगळं निघतं. मग डिटेक्टर लावा. सोनं-चांदी चुंबकाला लागत नाही, त्यामुळे या फेरीत हरवलेली वस्तू हलण्याची भीती फारशी नाही.

नाणी नदीला वाहिलेली असतात. अस्थिविसर्जनाच्या आणि दशक्रियेच्या जागेवर तर मशीन लावूच नका. तिथे कुणाच्या तरी घरचं दुःख वाहिलेलं आहे.

सिग्नल मिळाल्यावर वस्तू वर कशी काढायची?

304 स्टीलच्या पत्र्याचा स्कूप वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. भोकं 10 मिमी, दांडा सव्वा ते दीड मीटर. बारीक वस्तूसाठी ट्रकच्या जुन्या हवा भरलेल्या ट्यूबमध्ये 6 मिमी जाळीची चाळणी बसवा आणि कमरेला दोरीने बांधा. ती तुमच्या मागे तरंगत येते. प्रत्येक स्कूप तिच्यात ओता. स्कूप भरल्यावर तळातल्या खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवा. आवाज गेला तर वस्तू स्कूपमध्ये, राहिला तर खाली. गढूळ पाण्यात हात घालून चाचपू नका, काचा असतात.

दोन बांबू रोवून मधे दोरी ताणा, मीटरभराचे पट्टे करा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी कॉइल चढवून घ्या. पाण्यात दोरीशिवाय कोणीही सरळ चालत नाही.

विहिरीत पडलेल्या वस्तूला हे मशीन चालेल का?

फारसं नाही. सिमेंटच्या रिंगांमधलं लोखंड, पाइप, मोटार यांच्या आवाजात सोनं ऐकूच येत नाही. लोखंडी वस्तूला चुंबक आणि गळ, बाकीसाठी उन्हाळ्यात पाणी उपसणं हाच मार्ग. विहिरीजवळ काहीही करण्याआधी मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. जुन्या, बंद विहिरीत माणूस उतरवू नका, तळाशी हवा नसते.

नदीत कधी आणि कुठे उतरावं?

फेब्रुवारी ते मे. नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते, पैठणला त्यानंतर आठवडाभरात हरवलेल्या वस्तूंचे निरोप येतात आणि पाणीही उतरलेलं असतं. जायकवाडी किंवा विष्णुपुरी धरणातून पाणी सोडणार असतील तर भोंगा वाजतो, तो ऐकल्यावर मशीन हातात असेल तसं घेऊन बाहेर या. पाण्याचं आवर्तन चालू आहे का ते आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारा.

सगळ्यात घातकी म्हणजे वाळू उपशाचे खड्डे. घोटाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. स्कूपचा दांडा पुढे टेकवत चाला. लाइफ जॅकेट घाला, काठावर दोरी धरून एक जण बसवा आणि डब्याचा पट्टा असा बांधा की एका हिसक्यात सुटेल. गाळात पाय रुतले असताना छातीवर बांधलेलं मशीन माणसाला खाली धरून ठेवतं.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, हे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरू नका.

जुनं नाणं किंवा दागिना सापडला तर तो माझा का?

नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठे आणि कधी हे लिहायचं. सरकारने ती घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय उकरताच येत नाही.

पैठण ही सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. इथल्या पात्रात शिशाची आणि पोटीनची (तांबं, शिसं, कथिल यांच्या मिश्रधातूची) नाणी निघतात. त्यांना बाजारात किंमत थोडी येते, पण नाणं कुठल्या थरात, कशाजवळ पडलं होतं यावरून इतिहास लिहिला जातो. घासून, चकचकीत करून ठेवलेलं नाणं काहीच सांगत नाही. सापडलं तर धुऊ नका, जागेचा फोटो घ्या आणि कळवा.

दोन दांड्यांचं, लांबूनच सोनं दाखवणारं यंत्र घ्यावं का? गुप्तधन सापडतं म्हणतात.

घेऊ नका. मैलभरावरून सोनं ओळखणारं यंत्र अस्तित्वात नाही. हातातले ते दांडे तुमच्याच मनगटाच्या हालचालीने वळतात. गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे कर्जं झाली आहेत, अघोरी प्रकार झाले आहेत आणि त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. असं यंत्र घेऊन पूजेची भाषा करणारा कोणी आला तर पोलिसांना सांगा.

डब्यात पाणी गेलंच तर मशीन वाचतं का?

वाचतं, घाई केली नाही तर. चालू करून बघू नका. काठावरच टोपी उघडा, आधी बॅटरी सोडवा. लिथियमचा सेल भिजला असेल तर तो पुन्हा वापरू नका, लांब ठेवा. गंगेचं पाणी सुकलं की मागे गाळ आणि क्षार ठेवून जातं, म्हणून सर्किट आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून मऊ ब्रशने चिपांच्या पायांमधून फिरवा. उन्हात ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. पंख्याखाली दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कनेक्टरच्या खाचेत हिरवट डाग दिसतो का ते भिंगातून पाहा. दिसला तर तो कनेक्टर बदला, साफ केलेला परत हिरवा होतो. टोपी लावण्याआधी नवी ओ-रिंग घाला आणि डबा पुन्हा टिश्यू घालून विहिरीत सोडा, सर्किट बाहेर ठेवून.